कंपनीचं कर्ज वाचायचं कसं?

मॅनेजमेंटच्या पेपरला डेट-इक्विटी रेशो, इंटरेस्ट कव्हरेज, वर्किंग कॅपिटल हे शब्द आपण आदल्या रात्री पाठ करतो, पेपरात ओततो आणि बाहेर येऊन चहा पितो. सूत्र सगळ्यांना येतं, पण ते नेमकं कशाचं मोजमाप करतं हे कुणी विचारत नाही. व्हायव्हाला सुद्धा नाही! म्हणून यंदा अंकासाठी कविता न देता हिशोब द्यायचं ठरवलं. कवितेला आपल्याकडे लोक पुष्कळ आहेत.

उदाहरण टाटा-अंबानींचं घ्यायची गरज नाही. आपल्या बारामती एमआयडीसीत सीमलेस ट्यूब बनवणारा कारखाना आहे. मूळ नाव कल्याणी सीमलेस ट्यूब्ज. पुढे तो नगरच्या इंडियन सीमलेसमध्ये आला, जेजुरीचा स्टील प्लांटही त्याच घरात आला आणि सगळ्याचं मिळून नाव झालं आयएसएमटी लिमिटेड. या कंपनीचं कर्ज कसं वाढलं, महाग कसं झालं आणि शेवटी कसं मिटलं, हे समजून घेतलं तर अर्धा सिलॅबस आपोआप कळतो. पण त्याआधी थोडं माझ्या गावाकडे जाऊ. माझं घर भिगवण भागात, म्हणजे इंदापूर तालुक्यात. घरी ऊस. आणि कर्जाची रचना म्हणजे काय हे शिकायला साखर कारखान्यासारखी दुसरी प्रयोगशाळा नाही.

साखरेचं कर्ज

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत मिळून माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा हे सहकारी कारखाने आहेत. खाजगी वेगळे. यांच्यातल्या कुठल्या एकाबद्दल मी बोलत नाही, धंद्याची पद्धत सगळीकडे सारखीच आहे.

ऊस येतो ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून चार-पाच महिने. साखर विकायची मात्र वर्षभर. ती सुद्धा आपल्या मर्जीने नाही, कारण २०१८ पासून केंद्र सरकार दर महिन्याला कोणी किती साखर विकायची याचा कोटा ठरवून देतं. शेतकऱ्याचे पैसे मात्र १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे १४ दिवसांत द्यायचे, नाहीतर वर १५ टक्के व्याज. म्हणजे पैसे आधी जातात, येतात नंतर. मधली पोकळी भरून काढतं ते माल तारण कर्ज. गोदामातली साखर बँकेकडे तारण, बँक तिचं मूल्यांकन करणार आणि त्याच्या साधारण ८५ टक्के उचल देणार.

आता आकडे घालून बघू. समजा बँकेने क्विंटलला ३५०० रुपये मूल्यांकन धरलं. ८५ टक्क्यांनी उचल झाली २९७५. व्याजदर ११ टक्के धरला आणि ती साखर आठ महिन्यांनी विकली गेली, तर त्या एका क्विंटलवर व्याज झालं जवळजवळ २१८ रुपये. किलोला दोन रुपयांच्या वर! साखरेच्या धंद्यात किलोमागे दोन रुपये ही चैन नाही, कित्येकदा सगळा नफा तेवढाच असतो. २०२४-२५ च्या हंगामात १०.२५ टक्के उताऱ्याला एफआरपी होती टनाला ३४०० रुपये. त्या उताऱ्याने टनातून साखर निघते १०२.५ किलो. तिच्यावर आपल्या हिशोबाने उचल मिळाली ३०५० रुपयांच्या आसपास. म्हणजे तोडणी-वाहतूक धरून उसाचं बिलसुद्धा उचलीत बसत नाही. मोलॅसिस, बगॅस, वीज, इथेनॉल यातून काही मिळेल ते वेगळं.

यात मेख अशी की साखरेचा भाव पडला की बँक मूल्यांकन खाली आणते. काल ३५०० धरलेली साखर आज ३२०० ची झाली की तारण कमी पडतं आणि तेवढा फरक कारखान्याने भरायचा. याला सहकारी बँकांच्या भाषेत 'अपुरा दुरावा' म्हणतात. हा शब्द मला फार आवडतो. 'शॉर्ट मार्जिन' म्हटलं की काहीच वाटत नाही, 'अपुरा दुरावा' म्हटलं की कारखान्याच्या चेअरमनचा चेहरा दिसतो.

याशिवाय कारखान्याच्या डोक्यावर दुसरं कर्ज असतं ते मुदती कर्ज. को-जन, डिस्टिलरी, गाळपक्षमता वाढवणं यासाठी पाच-सात वर्षांचं. १९८२ च्या कायद्याने साखर विकास निधी झाला, त्याचं कर्ज बँक रेटपेक्षा दोन टक्के कमी दराने मिळायचं. २०१८ पासून इथेनॉल प्रकल्पांना व्याज सवलत आली. आणि ताळेबंदात 'देणी' म्हणून जो आकडा असतो त्यात एक बिनव्याजी सावकार बसलेला असतो, तो म्हणजे ऊस घालून बिलाची वाट बघणारा आपला बाप. कायद्याने त्याला १५ टक्के व्याज मिळायला हवं. किती जणांना मिळतं हे घरी विचारा.

तर पहिला धडा एवढाच: 'कारखान्यावर अमुक कोटी कर्ज' या वाक्याला काही अर्थ नाही. त्यातलं किती साखरेवर आहे, जी विकली की फिटणार, आणि किती यंत्रावर आहे, जे दहा वर्षं चालवूनच फिटणार? बुडणारे कारखाने बहुतेक वेळा एकाच रस्त्याने जातात. साखरेवर उचललेला पैसा यंत्रात घालतात. पैसा लोखंडात अडकतो, साखर विकून झालेली असते आणि बँक दारात उभी राहते. अल्प मुदतीचं कर्ज दीर्घ मुदतीच्या कामाला वापरायचं नाही, हे अकाउंटन्सीचं पुस्तक एका ओळीत सांगतं. गोदाम रिकामं आणि कर्ज तसंच, हे चित्र डोळ्यासमोर आणलं की ती ओळ पाठ करावी लागत नाही.

आता ट्यूबकडे

सीमलेस ट्यूब म्हणजे बिनजोडाची नळी. पत्रा वळवून वेल्डिंग केलेली नाही, तर लालबुंद गोल बिलेटला मधून भोसकून, मॅन्ड्रेलवर लांबवत लांबवत केलेली. बेअरिंगच्या रेसेस, हायड्रॉलिक सिलिंडर, बॉयलर, तेलविहिरी, जिथे जोड चालत नाही तिथे ही लागते. जेजुरीत स्टील, बारामती आणि नगरला ट्यूब अशी साखळी. धंदा चांगला, पण यंत्रं भयंकर महाग. म्हणजे मुदती कर्जाशिवाय गत्यंतर नाही.

२००४ ते २००८ हा काळ आठवून बघा. आपण तेव्हा फार तर बालवाडीत असू, पण घरच्या मोठ्यांना विचारा. शेअर बाजार वर, पोलादाला मागणी, बँका कर्ज घ्या म्हणून मागे लागलेल्या. त्या लाटेत देशातल्या पुष्कळ कंपन्यांनी विस्तार केला, तसा आयएसएमटीनेही केला. बारामतीत तीन रोलची आधुनिक पीक्यूएफ मिल आली. २००७ मध्ये स्वीडनची स्ट्रक्टो हायड्रॉलिक्स ही कंपनी विकत घेतली. आणि विजेचा खर्च कमी व्हावा म्हणून चंद्रपूर जिल्ह्यात ४० मेगावॉटचा स्वतःचा औष्णिक वीज प्रकल्प हाती घेतला. या तिन्ही गोष्टी इंजिनीअरच्या डोळ्यांनी बघितल्या तर एकही वेडेपणाची नाही. नवी मिल हवी, परदेशी ग्राहक हवा, स्वस्त वीज हवी. तिन्हींना लागणारा पैसा मात्र एकाच खिशातून यायचा होता.

वीज प्रकल्पाची गोष्ट आपल्या इलेक्ट्रिकलच्या मित्रांनी नीट ऐकावी. औष्णिक संच चोवीस तास एका लयीत चालतो. आर्क फर्नेस आणि रोलिंग मिलची मागणी मात्र सतत वरखाली होते. चंद्रपूरला तयार झालेली वीज ग्रिडमधून इकडे आणायची आणि जास्त झालेली 'बँकेत' ठेवून नंतर वापरायची, म्हणजे एनर्जी बँकिंग, यावर सगळं गणित उभं होतं. बँकिंगची ही सोय शेवटी मिळाली नाही. वीज नियामक आयोगात निकाल कंपनीच्या विरोधात गेला, पुढे अपील झालं, आणि प्रकल्प बंद ठेवावा लागला. टर्बाइनमध्ये दोष नव्हता, बॉयलरमध्ये नव्हता. एका कराराच्या कागदावर ४० मेगावॉट थांबले. आणि कर्जाचं मीटर? ते थांबत नाही. संच फिरो न फिरो, व्याज फिरत राहतं.

डॉलरचं स्वस्त कर्ज

इथे आपल्याला एक गंमत बघायची आहे. गंमत म्हणजे कंपनीला रडवणारी, पण गणित म्हणून सुंदर. आयएसएमटीच्या कर्जात परकीय चलनातलं कर्जही होतं. त्या काळात ते सगळेच घेत होते, कारण रुपयात कर्ज १२-१३ टक्क्यांनी मिळायचं आणि डॉलरमध्ये त्याच्या निम्म्या दराने. कुठला शहाणा माणूस निम्म्या दराचं सोडेल?

पुढचे आकडे कंपनीचे नाहीत, समजावून सांगण्यासाठी मी धरलेले आहेत. डॉलरचे भाव मात्र खरे आहेत. जानेवारी २००८ मध्ये डॉलर ४० रुपयांच्या जरा आत होता. समजा एक कोटी डॉलर घेतले, म्हणजे ४० कोटी रुपये. व्याज ६ टक्के. मुद्दल साडेपाच वर्षांनी एकदम फेडायचं. जून २०१३ मध्ये डॉलर ६० रुपयांवर गेला. म्हणजे फेडायचे ६० कोटी! ४० चे ६० व्हायला साडेपाच वर्षं लागली, चक्रवाढीने दर वर्षाला साधारण ७.६ टक्के. त्यात व्याजाचे ६ मिसळा, बेरजेने नाही तर गुणाकाराने: १.०६ गुणिले १.०७६. उत्तर येतं १.१४ च्या आसपास. सहा टक्क्यांचं कर्ज प्रत्यक्षात १४ टक्क्यांना पडलं. रुपयातलं १२-१३ टक्क्यांचं 'महाग' कर्ज स्वस्त होतं की!

दोन गोष्टी न्यायाने सांगायला हव्यात. २००८ च्या मंदीनंतर डॉलरचे आंतरराष्ट्रीय व्याजदर कोसळले, त्यामुळे ज्यांचं व्याज बदलत्या दराचं होतं त्यांचे ६ टक्के पुढे बरेच कमी झाले. आणि कंपनीचा माल डॉलरमध्ये विकला जात असेल तर रुपया पडल्यावर मिळकतही वाढते, म्हणजे तोट्याला आपोआप टेकू मिळतो. पण तो टेकू निर्यात जेवढी तेवढाच. इंदापूरच्या शेतकऱ्याने द्राक्षं दुबईला पाठवली आणि डॉलरमध्ये कर्ज घेतलं तर एकवेळ चालेल. मार्केट यार्डात विकून डॉलरमध्ये घेतलं तर त्याला कोण काय म्हणेल?

याहून खोल गोष्ट हिशोबाच्या वहीत आहे. रुपया पडल्यामुळे वाढलेलं मुद्दल हा तोटा आहे ना? मग तो नफा-तोटा पत्रकात दिसायला हवा. पण मार्च २००९ मध्ये सरकारने कंपन्यांना मुभा दिली की दीर्घ मुदतीच्या परकीय कर्जावरचा असा फरक, ते कर्ज यंत्रासाठी असेल तर, यंत्राच्या किमतीत मिसळावा. डिसेंबर २०११ मध्ये ती मुदत आणखी वाढवली. याचा परिणाम बघा. मशीन तेच, एक बोल्टसुद्धा नवा नाही, पण वहीत त्याची किंमत वाढली! तोटा पुढच्या अनेक वर्षांच्या घसाऱ्यात पातळ करून वाटला गेला. प्रकल्प उभा राहीपर्यंतचं व्याजही असंच यंत्राच्या किमतीत जातं, ते तर हिशोबाच्या मानकांप्रमाणे रीतसरच आहे. म्हणून कंपनीचा खरा व्याजखर्च काढायचा असेल तर नफा-तोटा पत्रकातला 'फायनान्स कॉस्ट' पुरत नाही. मागच्या टिपांमध्ये 'भांडवलीकृत' म्हणून काय काय सरकवलं आहे ते शोधून त्यात मिळवायचं, मग वर्षाच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या कर्जाची सरासरी काढून तिने भागायचं. जो दर येतो तो त्या कंपनीचा कर्जाचा खरा भाव.

दरवर्षीचा हा भाव ओळीने मांडला की शेजारी रिझर्व्ह बँकेचा रेपो दर लिहायचा. जुलै २००८ मध्ये ९ टक्के, एप्रिल २००९ मध्ये ४.७५, ऑक्टोबर २०११ मध्ये परत ८.५, मे २०२० मध्ये ४. मधल्या काळात बँकांची दर ठरवायची पद्धतच दोनदा बदलली, आधी पीएलआर, जुलै २०१० पासून बेस रेट, एप्रिल २०१६ पासून एमसीएलआर. त्यामुळे करारातला 'अमुक उणे दोन', 'तमुक अधिक तीन' यांची तुलना करत बसू नका, भागाकारच करा. चांगल्या कंपनीचा दर रेपोच्या मागे मागे चालतो. आजारी कंपनीचा चालत नाही. रेपो ४ वर येवो नाहीतर २ वर, जिला नवीन कर्ज द्यायला कोणी तयार नाही तिला त्याचा उपयोग काय?

व्याज भरायला कर्ज

आयएसएमटीला एकाच वेळी बरंच सोसावं लागलं. चीनमधून स्वस्त सीमलेस ट्यूब येऊ लागल्या. त्यावर सरकारने अँटी-डम्पिंग ड्युटी लावली ती २०१६-१७ मध्ये. २०१४ च्या मध्यापासून कच्च्या तेलाचे भाव पडले, तेव्हा तेलविहिरींच्या नळ्यांची मागणी आटली. चंद्रपूरचा प्रकल्प बंदच होता.

आता ते पाठ केलेलं सूत्र काढा: इंटरेस्ट कव्हरेज, म्हणजे व्याज आणि कर देण्याआधीचा नफा भागिले व्याज. उत्तर ३ असेल तर निवांत, दीड असेल तर झोप कमी. उत्तर एकच्या खाली गेलं की कर्जाचा स्वभावच बदलतो. कारण आता व्याजसुद्धा कमाईतून भागत नाही. ते न भरता मुद्दलात जमा होतं, किंवा भरायला दुसरं कर्ज काढावं लागतं. समजा १००० कोटी कर्ज, १२ टक्के व्याज आणि एक रुपया भरला नाही. सहा वर्षांनी १९७४ कोटी. नवी मिल नाही, नवा शेड नाही, नुसतं बसून दुप्पट! आपण मॅथ्समध्ये एक्स्पोनेन्शियल ग्रोथ शिकतो तेव्हा उदाहरण बॅक्टेरियाचं देतात. बँकेचं द्यायला हवं.

हप्ता ९० दिवस थकला की बँकेच्या दृष्टीने ते खातं एनपीए. मग बँकांची मिळून बैठक, पुनर्रचनेचे प्रस्ताव. २०१६ मध्ये रिझर्व्ह बँकेने 'एसफोरए' नावाची योजना आणली होती. तिची कल्पना साधी होती. कंपनीच्या आजच्या कमाईवर जेवढं कर्ज झेपतं तेवढं वेगळं काढा, ते निदान निम्मं तरी हवं, आणि न झेपणाऱ्या भागाचे शेअर किंवा तत्सम कागद करून टाका. म्हणजे कर्जाचीच रचना बदलायची, वरचं ओझं मालकीत वळवायचं. आयएसएमटीच्या बँकांनीही या वाटेने जाऊन बघितलं. फेब्रुवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने एसफोरएसकट सगळ्या जुन्या योजना गुंडाळल्या. पुढे बऱ्याच बँकांनी या कंपनीचं कर्ज एआरसींना, म्हणजे थकीत कर्जं विकत घेणाऱ्या कंपन्यांना विकलं. हा धंदा २००२ च्या सरफेसी कायद्याने सुरू झाला. विक्रीच्या वेळी बँकेला रोख थोडी आणि बाकीच्या पावत्या मिळतात. २०१४ च्या नियमाप्रमाणे एआरसीने स्वतःचे निदान १५ टक्के घालायचे. पावत्यांचे पैसे वसुली होईल तेव्हा आणि होईल तेवढे.

शेवटी नोव्हेंबर २०२१ मध्ये पुण्याच्या किर्लोस्कर फेरसने कंपनी घ्यायचं जाहीर केलं आणि मार्च २०२२ मध्ये व्यवहार पूर्ण झाला. या व्यवहारातली बेरीज स्वतः करून बघा, मजा येईल. १५ कोटी ४० लाख नवे शेअर, प्रत्येकी ३० रुपये ९५ पैसे. गुणाकार: ४७६ कोटी ६३ लाख. त्याशिवाय किर्लोस्कर फेरसने आयएसएमटीला १९४ कोटींचं विनातारण कर्ज दिलं. दोन्ही मिळून ६७० कोटींच्या किंचित वर. आणि कर्जदात्यांशी एकरकमी तडजोड ठरली होती ती ६७० कोटींची. म्हणजे आलेला जवळजवळ सगळा पैसा कंपनीच्या एका दारातून आत आला आणि दुसऱ्या दारातून देणेकऱ्यांकडे गेला.

आणखी एक भागाकार करा. या नव्या शेअरांनी किर्लोस्कर फेरसला ५१.२५ टक्के मालकी मिळाली. मग आधीचे शेअर किती असतील? १४ कोटी ६५ लाखांच्या आसपास. जे काल कंपनीचे शंभर टक्के मालक होते ते एका दिवसात ४८.७५ टक्क्यांवर आले.

त्या वर्षी, म्हणजे २०२१-२२ मध्ये, आयएसएमटीच्या पत्रकात दोन हजार कोटींहून जास्त नफा दिसतो! नुसता आकडा बघणाऱ्याला वाटेल की बारामतीत सोन्याच्या नळ्या निघाल्या. तो नफा म्हणजे सुटलेलं कर्ज आणि त्यावरचं साचलेलं व्याज. द्यायचं होतं ते द्यावं लागलं नाही, म्हणून हिशोबाच्या भाषेत ते उत्पन्न. दर रुपयामागे देणेकऱ्यांना पंचवीस पैशांपेक्षा कमीच मिळाले असा याचा अर्थ.

ही बातमी गावात पोचली तेव्हा चुलत्यांनी मला पारावर गाठलं. "काय इंजिनीअर, कंपनीचं दोन हजार कोटी सोडलं म्हणे. आमच्या सोसायटीचं दीड लाख सोडायला मात्र कुणाची लेखणी उचलत न्हाई!" चार माणसं हसली आणि माझ्याकडे बघत बसली. मला हा प्रश्न टाळता येत नाही, कारण तो बरोबरही आहे आणि चूकही.

चूक असा की ही माफी नव्हती. जुन्या मालकांच्या हातातून कंपनी गेली. चुलत्यांचं दीड लाख सोडताना कोणी त्यांच्या चार एकरातली दोन एकर लिहून घेतली असती तर ते तडजोड झालं असतं, माफी नाही. २०१७ ला दीड लाखापर्यंत आणि २०१९ च्या शेवटी जाहीर झालेली दोन लाखांपर्यंतची कर्जमाफी झाली, तेव्हा पैसे सरकारने बँकांना भरले आणि जमीन ज्याची त्याच्याकडे राहिली. शिवाय वेळेवर फेडणाऱ्याला तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज राज्य सरकारने २०२१ पासून शून्य टक्क्यावर आणलं. कुठल्याही कंपनीला शून्य टक्क्यावर खेळतं भांडवल मिळत नाही.

बरोबर असा की बुडालेले पैसे कोणाचे तरी होतेच. बँकेने सोडलेला रुपया ठेवीदाराच्या व्याजातून, दुसऱ्या कर्जदाराच्या चढ्या दरातून किंवा सरकारी बँक असेल तर आपल्या करातून भरून निघतो. आणि लहान कर्जदाराला नोटीस लवकर येते, मोठ्याला बैठकीचं बोलावणं येतं. हा फरक मी पारावर नाकारू शकलो नाही. पण मग करायला काय हवं होतं? कारखाना कुलूप लावून भंगारात काढला असता तर मिलची किंमत वजनावर आली असती, आणि एमआयडीसीतल्या कितीतरी घरांचा पगार थांबला असता. चालू कारखाना पंचवीस पैशांत मिटवणं आणि बंद कारखाना त्याहून कमी पैशांत मोडणं, बँकांपुढे निवड एवढीच उरली होती. खरी निवड करायची वेळ त्याच्या कितीतरी आधी, कव्हरेज दोनवरून दीडवर आलं तेव्हा होती.

पुढचं थोडक्यात. २०२४ मध्ये आयएसएमटी किर्लोस्कर फेरसमध्ये विलीन झाली, आयएसएमटीच्या १०० शेअरना किर्लोस्कर फेरसचे १७ या प्रमाणात. मला यात सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं ते असं: त्याच मिल, तोच बारामतीचा प्लांट, तेच कामगार, पण कर्ज काढायला मजबूत ताळेबंदाची कंपनी उभी राहिली की त्याच यंत्रांसाठी पैसा कमी दराने मिळतो. व्याजाचा दर यंत्राला लागत नाही, कागदावर सही करणाऱ्याला लागतो. प्रोजेक्ट रिपोर्ट करताना आपण सगळे 'व्याज १२ टक्के' असं गृहीत धरून पुढे जातो. कोणासाठी १२ टक्के, हे विचारायला हवं.

ज्यांना हे स्वतः करून बघायचं आहे त्यांनी शेअर बाजारात नोंदणी असलेल्या कुठल्याही कंपनीचे पाच-सहा वर्षांचे वार्षिक अहवाल इंटरनेटवरून उतरवून घ्या, फुकट असतात. पहिली चाळीस पानं रंगीत फोटोंची, ती सोडा. 'बॉरोइंग्ज'ची टीप काढा, चालू वर्षात फेडायचं आणि नंतर फेडायचं असे दोन रकाने करा. चलन लिहा. तारण काय ते लिहा. एका वर्षात फेडायच्या कर्जाचा वाटा दरवर्षी वाढत असेल तर समजा की लांब मुदतीचं कर्ज द्यायला बँका मागे सरकल्या आहेत. मग ऑडिटरचा अहवाल वाचा, तिथे 'व्याजाची तरतूद केलेली नाही' असं वाक्य सापडलं तर व्याजखर्चाच्या तुमच्या सगळ्या भागाकारावर फुली मारा.

इंदापूर-बारामतीच्या मुलांना इंटरनेटचीही गरज नाही. कारखान्याचा अहवाल सभासदाच्या घरी वार्षिक सभेच्या आधी येतोच, आणि बहुतेक घरांत त्याचा उपयोग डब्याखाली ठेवायला होतो. आमच्या घरचे गेल्या सहा वर्षांचे अहवाल मी माळ्यावरून उतरवले आहेत. दोन वर्षांचे उंदरांनी खाल्ले आहेत, चार शाबूत आहेत. माल तारण एका रकान्यात, मुदती कर्ज दुसऱ्यात, ऊस बिलाची थकबाकी तिसऱ्यात असा तक्ता वहीत आखून झालाय. यंदाच्या सभेला वडील जाणार आहेत. त्यांना विचारायचे तीन प्रश्न मी मराठीत, मोठ्या अक्षरात लिहून दिलेत, आणि पहिला प्रश्न अपुऱ्या दुराव्याचा आहे.